यंत्राने आधी ओळख विचारावी

बिलाची पावती छापणाऱ्या छोट्या प्रिंटरला पाच बाइटचा एक आदेश मिळाला की त्याला जोडलेला गल्ला खटकन उघडतो. हॉटेलांत, किराणा दुकानांत, मेडिकलमध्ये दिसणारे बहुतेक थर्मल प्रिंटर हा आदेश ओळखतात. गल्ल्याच्या ड्रॉवरची वायर प्रिंटरच्याच मागे खोचलेली असते. पावती निघावी, ड्रॉवर उघडावा, कॅशियरने सुटे द्यावेत, अशी ती सोय. प्रिंटर यूएसबीने जोडलेला असेल तर आदेश त्या एकाच कॉम्प्युटरकडून येऊ शकतो. पण प्रिंटर वायफायवर घेतला की ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर जे येईल ते तो मुकाट्याने करतो. पाठवणारा कॅशियरचा टॅबलेट आहे की कोपऱ्यातल्या टेबलावरच्या गिऱ्हाइकाचा फोन, हे तो विचारत नाही. विचारण्याची सोयच त्या जोडणीत ठेवलेली नाही.

मुंबईतल्या मनोरीसारख्या गावात ही गोष्ट फार जवळून दिसते. मार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसले की खाडी ओलांडून थोड्याच वेळात माणूस पलीकडे. गाडीने यायचे तर भाईंदर-उत्तनकडून मोठा वळसा. कोळ्यांचे आणि ईस्ट इंडियन लोकांचे जुने गाव, समुद्रालगत रिसॉर्ट, खानावळी, घरातल्याच दोन खोल्या भाड्याने देणारी कुटुंबे. सगळा धंदा शनिवार-रविवारचा. अशा ठिकाणी राउटर बहुधा एकच असतो आणि त्याचा पासवर्ड काउंटरमागच्या भिंतीवर चिकटवलेला असतो, कारण मुक्कामाला आलेल्या पाहुण्याने वायफाय मागितले तर नाही म्हणता येत नाही. त्याच वायफायवर बिलाचा टॅबलेट, स्वयंपाकघरात ऑर्डर छापणारा प्रिंटर, काउंटरवरचा प्रिंटर आणि बऱ्याचदा कार्डाचे स्वाइप मशीनही.

ही सगळी सामग्री बसवायला मालाड-बोरिवलीहून कुणीतरी मुलगा येतो. बिलाचे सॉफ्टवेअर हल्ली ब्राउझरमध्ये चालते आणि त्याचा पत्ता सुरक्षित असतो. पण तेच सॉफ्टवेअर शेजारच्या प्रिंटरशी बोलायला गेले की ब्राउझर अडतो. समोरच्या यंत्राचे सर्टिफिकेट मला ओळखता येत नाही, म्हणतो. पडद्यावर मोठा इशारा येतो. मुलगा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबतो, ‘प्रोसीड’ दाबतो, चाचणीची पावती निघते, मालक खूश होतो. मुलाला दिवसात अजून चार ठिकाणी जायचे असते आणि परतीची बोट गाठायची असते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. बरोबर काम करण्याचा मार्ग त्याच्या हातात कुणी दिलेलाच नाही.

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. पैशाच्या यंत्रांबद्दल बोलताना ‘डेटा एन्क्रिप्टेड आहे’ एवढ्या वाक्यावर आपण समाधान मानतो, आणि ते समाधान खोटे आहे. समोर कोण आहे हे पक्के झाल्याशिवाय एन्क्रिप्शनला अर्थ नाही. सीलबंद पाकीट भलत्याच माणसाच्या हातात दिले तर लाखेचा काय उपयोग? आणि ही ओळख पटवून घेण्याचा भार मनोरीतल्या खानावळवाल्यावर किंवा मशीन बसवणाऱ्या मुलावर टाकणे हा अन्याय आहे. तो भार यंत्र विकणाऱ्या कंपनीने आणि त्या यंत्रातून पैसे घेणाऱ्या बँकेने उचलायला हवा.

सर्टिफिकेट म्हणजे काय ते थोडे नीट पाहू, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. प्रत्येक यंत्राजवळ दोन किल्ल्यांची जोडी असते. एक उघड, कुणालाही द्यावी अशी; दुसरी गुप्त, यंत्राबाहेर कधीही न जाणारी. सर्टिफिकेटात यंत्राचे नाव, त्याची उघड किल्ली आणि वैधतेच्या तारखा असतात, आणि या मजकुरावर तिसऱ्या, विश्वासू संस्थेची डिजिटल सही असते. जोडणी होताना समोरचे यंत्र हे सर्टिफिकेट दाखवते आणि नुकत्याच झालेल्या संवादावर आपल्या गुप्त किल्लीने सही करून देते. नुसते सर्टिफिकेट चोरून चालत नाही, कारण किल्लीशिवाय ती सही होत नाही. ही सगळी तपासणी क्षणभरात उरकते आणि ती पार पडली तरच दोघांमध्ये गुप्त संभाषण सुरू होते. मुलाने ‘प्रोसीड’ दाबले तेव्हा एन्क्रिप्शन बंद पडले नाही. ते चालूच राहिले, ब्राउझरमध्ये कुलपाचे चिन्हही राहिले असेल, फक्त त्याच्यावर रेघ आली. बंद पडली ती ओळख. आता त्या वायफायवरचे दुसरे कुठलेही यंत्र ‘मीच प्रिंटर’ म्हणून मध्ये उभे राहिले तर टॅबलेट त्याच्याशीही तितक्याच गुप्तपणे बोलेल.

ओळख नसलेल्या जागेत शत्रू उभा राहिला की काय होते, हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या कार्डांची नक्कल करून २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतात, कोल्हापूरसह अनेक ठिकाणी, रुपे कार्डांवर आणखी अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. १९०६ साली सुरू झालेली, मध्यमवर्गीय मराठी घरांचा विश्वास कमावलेली ही सहकारी बँक. चोरांनी कुठलेही एन्क्रिप्शन फोडले नव्हते. एटीएमकडून ‘या कार्डावर पैसे द्यावेत का’ हा प्रश्न व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून बँकेच्या स्विचकडे येतो आणि स्विच खात्यातली शिल्लक पाहून उत्तर देतो. मालवेअर घुसवून त्यांनी एक नकली स्विच उभा केला. प्रश्न त्याच्याकडे वळले आणि तो प्रत्येकाला ‘द्या’ म्हणत राहिला. बँकेच्या खऱ्या हिशोबयंत्रणेपर्यंत ते प्रश्न पोचलेच नाहीत. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले; ते सगळे पैसे काढणाऱ्या फळीतले.

तिथे नुसते सर्टिफिकेट असते तर चोरी टळली असती, असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. शत्रू बँकेच्या आतच शिरला असेल तर तो किल्ल्यांपर्यंतही पोचू शकतो. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. चिपच्या कार्डात बँकेकडून आलेल्या उत्तरावरची गणिती खूण स्वतः चिप तपासू शकते. ती खूण तयार करण्याची किल्ली बँकेच्या एका वेगळ्या, सीलबंद यंत्रात असते. चुंबकीय पट्टीला असे काही तपासताच येत नाही. नक्कल होते ती पट्टीचीच. म्हणजे उत्तर देणाऱ्याने आपण कोण ते सिद्ध करायचे आणि ऐकणाऱ्याने ते तपासायचे, ही साखळी जिथे तुटली होती तिथूनच पैसे वाहून गेले. केवळ पट्टीची कार्डे बदलून चिपची देण्यासाठी रिझर्व्ह बँकेने घातलेली मुदत होती ३१ डिसेंबर २०१८.

स्वाइप मशीनची गोष्ट मात्र बरीच चांगली आहे, आणि ती मुद्दाम सांगायला हवी. २०११ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने कार्ड समोर असतानाच्या व्यवहारांसाठी परिपत्रक काढले. त्यात दोन गोष्टी बँकांवर बंधनकारक केल्या: प्रत्येक मशीनला स्वतःची वेगळी किल्ली, आणि मशीनपासून बँकेपर्यंतच्या वाटेवर एन्क्रिप्शन. त्यासाठी मुदत घालून दिली. पुढे १ डिसेंबर २०१३ पासून दुकानात डेबिट कार्ड वापरताना पिन टाकणे आवश्यक झाले. आज मनोरीत पापलेटच्या थाळीचे बिल कार्डाने दिले तर त्या मशीनमधली किल्ली जगातल्या दुसऱ्या कुठल्याही मशीनमध्ये नसते; प्रचलित पद्धतीत तर त्या किल्लीतून प्रत्येक व्यवहारासाठी नवी किल्ली निघते आणि वापरून झाली की टाकून दिली जाते. मशीन उघडायचा प्रयत्न केला तर आतली बारीक जाळी तुटते आणि किल्ल्या पुसल्या जातात. ही जाळी जागी ठेवणारी छोटी बॅटरी संपली तरी तेच होते. मग ते मशीन कंपनीच्या सुरक्षित केंद्रात नेऊन पुन्हा किल्ली भरावी लागते. खानावळवाल्याला यातले काही ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. जबाबदारी योग्य माणसावर टाकली आणि तारीख घातली की काम होते, याचा हा पुरावा आहे.

मग तेच शहाणपण काउंटरवरच्या उरलेल्या सामानाला का लागू नाही? कार्डाचा आकडा मशीनच्या आत सुरक्षित राहतो, हे खरे. पण बिल किती रुपयांचे, हे मशीनला कोण सांगतो? बिलाचा टॅबलेट. व्यवहार झाला की नाही, हे टॅबलेटला कोण सांगतो? मशीन. ही देवघेव ओळखीशिवाय चालत असेल तर टॅबलेटला ‘पैसे आले’ असे कुणीही कळवू शकतो आणि कॅशियर हसून पाहुण्याला निरोप देईल. २०१३ साली अमेरिकेत टार्गेट या दुकानसाखळीच्या चार कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर शिरले ते वातानुकूलन आणि शीतगृहांचे काम करणाऱ्या ठेकेदाराला दिलेल्या प्रवेशातून, आणि माहिती उचलली ती बिलाच्या कॉम्प्युटरच्या स्मृतीतून, एन्क्रिप्शन व्हायच्या आधीच्या क्षणी. शीतगृहाच्या ठेकेदाराचा आणि गल्ल्याचा काय संबंध, असे तिथेही कुणाला वाटले असेल. भिंतीवर पासवर्ड चिकटवलेल्या एका राउटरवर हा संबंध रोज जोडलेला असतो.

इथे तांत्रिक अडचण खरी आहे आणि ती टाळून बोलणे बरे नाही. प्रिंटरचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा, घरातल्या घरात चालणारा. असले पत्ते लाखो घरांत तेच असतात, त्यामुळे त्यांची मालकी सिद्ध होऊ शकत नाही, आणि म्हणून नोव्हेंबर २०१५ पासून सार्वजनिक संस्थांना अशा पत्त्यांना सर्टिफिकेट देण्याची मनाई आहे. ती मनाई योग्यच आहे. पण त्यातून वाट काढता येते. बिलाचे सॉफ्टवेअर विकणारी कंपनी प्रत्येक दुकानातल्या यंत्राला आपल्या डोमेनखाली स्वतंत्र नाव देऊ शकते आणि त्या नावाची मालकी डीएनएसमधल्या नोंदीतून सिद्ध करून रीतसर सर्टिफिकेट मिळवू शकते. दुसरी वाट म्हणजे कंपनीने स्वतःचीच खासगी सही-व्यवस्था उभारायची आणि टॅबलेटला फक्त तीच ओळखायला शिकवायची.

यात एक आळस असा आहे की त्याने सगळे केलेले मातीत जाते: सर्व दुकानांच्या यंत्रांत एकच सर्टिफिकेट, एकच गुप्त किल्ली टाकून देणे. कारखान्यात तसे सोपे जाते. पण मग मनोरीतले एक यंत्र कुणी उघडले की त्यातल्या किल्लीने नाशिकच्या आणि सावंतवाडीच्या दुकानातही तो ‘मीच ते यंत्र’ म्हणून उभा राहू शकतो. लेनोव्होच्या लॅपटॉपांबरोबर आलेल्या सुपरफिश या प्रोग्रामने नेमके हेच केले होते, हे २०१५ मध्ये उघड झाले. प्रत्येक लॅपटॉपमध्ये तीच सही करणारी किल्ली. ती एकातून काढली आणि सगळ्यांचा विश्वास एकदम हातात आला. रिझर्व्ह बँकेने २०११ मध्येच ‘प्रत्येक यंत्राला वेगळी किल्ली’ म्हटले होते, ते याच कारणासाठी.

आणि ओळखीवर सही करणारी संस्थाच फसली तर? हा प्रश्न आपल्याच देशात उभा राहिला आहे. २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या लक्षात आले की आपल्या काही डोमेनची सर्टिफिकेटे भलत्याच कुणाला तरी मिळाली आहेत. ती निघाली होती नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरकडून, म्हणजे सरकारच्याच संगणक विभागाकडून, आणि या केंद्राच्या डोक्यावर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार नेमलेल्या नियंत्रकांची मूळ सही होती. विंडोज त्या सहीवर विश्वास ठेवत असल्यामुळे ही खोटी सर्टिफिकेटे खरी मानली गेली असती. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकांनी केंद्राची मधली सर्टिफिकेटे रद्द केली. गूगलने पुढे त्या मूळ सहीचा अधिकार क्रोममध्ये जीओव्ही डॉट इन आणि रिझर्व्ह बँकेसारख्या मोजक्या भारतीय डोमेनांपुरता कापून टाकला. यावरून सर्टिफिकेटेच निरुपयोगी असा निष्कर्ष काहीजण काढतात. मला उलट वाटते. ब्राउझरला सगळे जग पाहायचे असते, म्हणून त्याला शेकडो मूळ सह्यांवर विश्वास ठेवावा लागतो. स्वाइप मशीनला जगाशी काही देणेघेणे नाही. त्याने फक्त आपल्या बँकेशी आणि आपल्या टॅबलेटशी बोलायचे आहे. त्याच्या विश्वासाच्या यादीत दोन नावे पुरतात. बाकी सगळी काढून टाका, म्हणजे जगाच्या पाठीवर कुठल्या संस्थेने काय चूक केली याचे मनोरीच्या काउंटरला काही होणार नाही.

या सगळ्यावरचा सर्वात दमदार आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो दुकानदारांच्या तोंडून ऐकू येतो: सर्टिफिकेटाची मुदत संपली की धंदा बंद. ६ डिसेंबर २०१८ ला एरिक्सन कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या एका सर्टिफिकेटाची तारीख उलटली आणि ब्रिटनमधल्या ओटू या मोबाइल कंपनीच्या तीन कोटींहून अधिक ग्राहकांचे इंटरनेट दिवसभर ठप्प झाले. एवढ्या मोठ्या कंपनीला तारीख सांभाळता आली नाही, तर शनिवारी संध्याकाळी जेवायला बसलेल्या साठ माणसांपुढे मनोरीतला मालक काय करणार? मदतीला येणारा माणूस खाडीच्या पलीकडे, आणि रात्रीची शेवटची फेरी गेलेली. शनिवार बुडाला की आठवडा बुडाला. जी सुरक्षा विक्री अडवते ती दुसऱ्या दिवशी बंद केली जाते, हे मला मान्य आहे.

आणि हा त्रास वाढणारच आहे. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट संस्था यांच्या एकत्रित मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवले की सार्वजनिक सर्टिफिकेटाची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटवत मार्च २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर आणायची. इतक्या वेळा हाताने बदलणे कुणालाच जमणार नाही. म्हणजे नूतनीकरण यंत्राने आपणहून, रात्री दुकान बंद असताना, मुदत संपायच्या बऱ्याच आधी करायला हवे. तरीही एक खाच उरते. पावसाळ्यात दोन महिने बंद ठेवलेले काउंटर सप्टेंबरात उघडले तर आतले सर्टिफिकेट मेलेले, घड्याळही कदाचित चुकलेले. नवे आणायला सर्व्हरशी बोलावे, तर जुन्या मेलेल्या ओळखीवर सर्व्हर दारात उभे करणार नाही. यावर उपाय आहे. यंत्राच्या सुरक्षित चिपमध्ये कारखान्यातच एक जन्मओळख घालायची, ती दीर्घ मुदतीची असावी आणि तिचा उपयोग फक्त नवे चालू सर्टिफिकेट मागण्यापुरता करायचा. यासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक २००९ पासून उपलब्ध आहे. ते वापरायला चार पैसे जास्त पडतात, एवढेच.

जिथे साधी वायर पुरते तिथे हा प्रपंच मांडायचीही गरज नाही, हेही सांगतो. काउंटरवरचा प्रिंटर टॅबलेटपासून हातभर अंतरावर असेल तर तो यूएसबीने जोडावा. पाहुण्यांचे वायफाय वेगळे काढावे. साध्या राउटरमध्येही हल्ली ‘गेस्ट’ जाळ्याची सोय असते. सर्टिफिकेट लागते ते जिथे जोडणी हवेतून किंवा इंटरनेटवरून जाते तिथे. सुरक्षेचा सगळ्यात स्वस्त भाग म्हणजे ही वायर आणि हे वेगळे जाळे, आणि मशीन बसवणाऱ्या मुलाच्या कामाच्या यादीत तो पहिला असायला हवा.

मासळी विकणाऱ्या कोळिणीच्या पाटीपाशी स्वाइप मशीन नसते. तिथे क्यूआर कोडचा स्टिकर आणि पैसे आल्याचे बोलून सांगणारा साउंडबॉक्स. स्टिकरवर रात्रीत दुसराच स्टिकर चिकटवून पैसे वळवण्याचे प्रकार देशभर झाले आहेत. पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारेही आहेत. ओल्या हातांनी मासळी कापणाऱ्या बाईला फोन काढून तपासायला वेळ कुठला? म्हणून साउंडबॉक्स आला, आणि त्याचा आवाज ही तिच्यापुरती खात्री झाली. ती खात्री तेव्हाच खरी, जेव्हा तो डबा आपल्या सर्व्हरचे सर्टिफिकेट तपासल्याशिवाय एक शब्दही बोलत नाही. क्यूआर कोडच्या बाबतीत तर यूपीआयच्या जोडणी-नियमांत दुकानदाराची डिजिटल सही कोडमध्येच घालण्याची सोय आहे. अशी सही असलेला कोड वाचताना ॲप ती तपासू शकते आणि सही नसलेला कोड दिसला की पैसे देणाऱ्याला सावध करू शकते. मोठ्या कंपन्यांच्या बिलांत ती वापरता येते, तर पाटीवरच्या स्टिकरला का नाही? सर्वात कमी साधने असलेल्या बाईला सर्वात कमकुवत ओळख द्यायची, ही रीत मला पटत नाही.

२०१७ च्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने खातेदारांसाठी नियम केला की तिसऱ्याच कुणाच्या चुकीमुळे खात्यातून पैसे गेले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान खातेदाराचे नाही. काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसालाही अशीच स्पष्ट हमी हवी. आज यंत्राच्या जोडणीत दोष निघाला तर कोणाचे नुकसान, हे बँकेशी केलेल्या कराराच्या बारीक अक्षरांत शोधावे लागते. रिझर्व्ह बँकेने २०११ च्या परिपत्रकाचा विस्तार करावा. ज्या बँकेचे मशीन त्या काउंटरवर आहे, तिनेच त्या मशीनशी बोलणाऱ्या बिलाच्या सॉफ्टवेअरची आणि यंत्रांची ओळखव्यवस्था तपासून मान्य करावी. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र किल्ली, दोन्ही बाजूंनी एकमेकांची तपासणी, आपोआप नूतनीकरण, एवढ्या अटी पुऱ्या नसतील तर ते सॉफ्टवेअर स्वाइप मशीनला जोडूच देऊ नये. आणि दुकानदाराला दर महिन्याला जे सेटलमेंटचे विवरण जाते, त्यात त्याच्या प्रत्येक यंत्रापुढे सर्टिफिकेटाची अखेरची तारीख छापावी. पुढचे नूतनीकरण झाले नसेल तर ते कळवण्यासाठी फोन बँकेने करावा, आणि तो शुक्रवारच्या आत करावा.